नाबेआजीच्या उजव्या हाताचा मोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. उजव्या हाताचा. डावा कुठे गेला ते मला ठाऊक आहे, पण त्याला आता कुणी शोधायला जाणार नाही आणि मला एकट्याला कुणी हातात घालणार नाही. एकटा मोजा म्हणजे धड मोजाही नाही आणि धड फडकंही नाही. तरी काझुमीने मला टाकून दिलेलं नाही. तिच्या कपाटातल्या एका खणात, कागदाच्या एका भिरभिऱ्याशेजारी मी पडून असतो. तो खण फारसा कुणी उघडत नाही. म्हणून म्हटलं, आज तुमच्याशी बोलावं. बोलायची मला सवय नाही. माझा सगळा जन्म झाकण्यात गेला.

मी जन्मलो तो मात्र मिरवण्यासाठी. जपानातल्या शिकोकू बेटावर समुद्राजवळ एक गाव आहे, तिथे घरोघरी मोजे शिवतात. माझं कापड सुती, पांढरंशुभ्र. शिवून झाल्यावर एका बाईने मला लाकडाच्या हातावर ताणून बसवलं आणि इस्त्री फिरवली. आमच्या देशात पांढऱ्या मोज्याला फार मान. मोठ्या दुकानात लिफ्ट चालवणाऱ्या मुली पांढरे मोजे घालतात, टॅक्सीवाले घालतात, निवडणुकीला उभे राहिलेले पुढारीही घालतात. पुढाऱ्यांचे हात मोज्यातच बरे, असं आमच्या खोक्यातले मोजे आपसात म्हणत आणि हसत. माझी आणि डाव्याची एकच इच्छा होती. एखाद्या लिफ्टवाल्या मुलीच्या हातात जावं आणि दिवसभर लोकांना वाकून ‘या, या’ म्हणावं.

आम्ही पोचलो ओसाकातल्या एका लहानशा दुकानात, आणि आम्हाला विकत घेतलं योशिको नावाच्या बाईने. तिने आम्हाला स्वतःच्या हातात घालून पाहिलं आणि म्हणाली, जरा सैल आहेत ते बरंच, सासूबाईंसाठी हवेत. दुकानदाराने विचारलं, “थंडी वाजते का त्यांना?”

“हो,” योशिको म्हणाली. तेव्हा जून महिना चालू होता आणि दुकानदाराच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याने आम्हाला कागदात गुंडाळलं.

योशिकोचं घर कालव्याकाठी, लाकडाच्या वखारींच्या मागे होतं. तिचा नवरा सेइतोकु वखारीत ओंडके ओढायचा. नवराबायको दोघंही दूर दक्षिणेच्या बेटांवरची, ओकिनावाची. महायुद्धातल्या लढाईनंतर तिकडे अजून अमेरिकनांचा अंमल होता. इकडे ओसाकात ‘त्या बेटांवरच्यांना खोली मिळणार नाही’ अशा पाट्या दारांवर लावलेल्या असत. योशिको अशा किती दारांवरून परत आली होती, ते तिचं तिलाच माहीत. म्हणून तिने बेटावरची बोली सोडली, आडनाव इकडच्या पद्धतीने उच्चारायला शिकली आणि कुणी विचारलं तर आम्ही क्यूशूकडचे, म्हणजे मुख्य जपानातलेच, असं सांगू लागली. बाई वाईट नव्हती. ती घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाचे हात मी ओळखतो, ते नेहमी थोडे ओले असतात.

आणि अशा घरात बेटावरून आली नाबे, सेइतोकुची म्हातारी आई. नाबे म्हणजे हंडी. तिच्या काळी मुलींना भांड्यांची नावं ठेवायची रीतच होती. लढाईत तिचा नवरा गेला, थोरली मुलगी गेली. राहिला होता हा एक मुलगा, म्हणून उतारवयात ती त्याच्याकडे आली.

“आई, हात द्या,” योशिको म्हणाली. म्हातारीने हात पुढे केले, आणि मी ते पहिल्यांदा पाहिले.

मित्रांनो, ते हात मनगटापासून बोटांपर्यंत गोंदलेले होते. मनगटाच्या हाडावर जाड गोल, हाताच्या पाठीवर चौकोन आणि प्रत्येक बोटावर नखाकडे रोखलेलं बाणाचं टोक. रंग गडद निळा. जुना झालेला, पण पक्का. माझ्या जन्मगावी इतकं देखणं काम मी कापडावरही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता हे हात पाहून घरात सगळे कौतुक करतील. योशिकोने नजर वळवली आणि मला त्या हातावर चढवलं.

पण पांढरं सुती कापड ते! चौकोन नि बाण माझ्यातून स्पष्ट दिसू लागले. योशिकोने कपाळाला हात लावला. मग तिने आम्हाला उतरवलं, पातेल्यात पाणी उकळलं, त्यात गडद निळा रंग टाकला आणि आम्हा दोघांना त्यात बुडवून लाकडी चमच्याने ढवळलं. निळं झाकायला मला निळं केलं. बाहेर आलो तेव्हा मी पांढरा मोजा उरलो नव्हतो. दोरीवर वाळत असताना डाव्याकडे पाहिलं आणि माझी मला ओळख पटेना.

हे सगळं कशासाठी, ते मला स्वयंपाकघरातल्या बोलण्यावरून कळलं. घरात न्हाणी नव्हती. गल्लीतले सगळे सार्वजनिक न्हाणीघरात जात. नाबेआजी आली तेव्हा गल्लीत कुणी हात पाहू नयेत म्हणून योशिको तिला एकटीलाच कालव्यापलीकडच्या न्हाणीघरात घेऊन गेली. म्हातारी गरम पाण्याच्या हौदात उतरली आणि तिने सुखाने हात पाण्यावर पसरले. बाकीच्या बायका एकेक करून हौदाबाहेर निघाल्या. इकडे अंगावर गोंदलेलं म्हणजे माणूस गुंडांच्या टोळीतलं, असं सगळे धरून चालतात. त्यातून बेटांवरच्या बायांचे गोंदलेले हात म्हणजे रानटीपणा, असंही कुठेकुठे ऐकलेलं. न्हाणीघराची मालकीण फार नम्रपणे वाकली आणि म्हणाली, आजींना उद्यापासून घरीच आंघोळ घातलीत तर बरं होईल, बाकीच्यांना भीती वाटते. बहात्तरीला टेकलेली, दात पडलेली, गुळाचा खडा तोंडात धरून काळा चहा पिणारी म्हातारी. तिची भीती!

त्या दिवसापासून संध्याकाळी घरातले सगळे टॉवेल घेऊन न्हाणीघरात जात आणि नाबेआजी स्वयंपाकघरात बादलीतल्या पाण्याने अंग पुसून घेई. तेवढ्या वेळापुरता मी खुंटीवर असायचो. घरात दुसरं कुणी नसायचं. पाण्याचा आवाज थांबला की ती हात दिव्यापुढे धरून बघत बसायची.

कधी कधी ती आमच्याशीच बोलायची. दुसरं कोण होतं? तिची बोली घरात बोलायला बंदी होती. ती सांगायची, सरकारने गोंदायला मनाई केली तेव्हा ती लहान होती. पण गोंदलं नाही तर बाई पुरती बाई होत नाही, असं तिच्या गावात सगळ्या मानत. म्हणून मावशीने मागच्या खोलीत दार लावून, भाताच्या दारूत खललेल्या शाईने, सुयांचा जुडगा बांधून तिचे हात गोंदले. हात भाकरीसारखे सुजले. तरी सूज उतरायच्या आतच ती मैत्रिणींना हात दाखवत फिरली. तिची आई म्हणाली होती, “आता चिंता नाही. पलीकडे गेल्यावर एवढ्या गर्दीत मी तुला हातांवरून ओळखीन.”

हे वाक्य ती फार वेळा बोलायची. नंतर नंतर तिचा सूर बदलला. ती मला हातावर चढवताना पुटपुटायची, “मोज्यात घालून नेलं तर कशी ओळखणार गं, आई?”

शेजारी ओकाबेबाई राहायच्या. मनाने मोठ्या, पण चौकस. त्यांनी एक दिवस विचारलंच, एवढ्या उन्हाळ्यात आजींच्या हातात मोजे कशाला? योशिको गडबडली आणि बोलून गेली, “लढाईत हात भाजले त्यांचे.” ओकाबेबाईंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्या भाजलेल्यावर लावायचं मलम घेऊन आल्या, सोबत घरी घातलेलं काकडीचं लोणचं. सगळ्या गल्लीत नाबेआजीला एकदम मान मिळू लागला. भाजलेल्या हातांची लोकांना दया येते, मित्रांनो. गोंदलेल्या हातांची घाण वाटते. हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

नाबेआजीने मलमाची डबी दोन्ही हातांनी घेतली, वाकून आभार मानले. तिची थोरली मुलगी लढाईत खरोखरच भाजून गेली होती. ती डबी तिने कधी उघडली नाही, आणि सुनेला एका शब्दाने बोललीही नाही. पण त्या दिवशी माझ्या आतली तिची मूठ संध्याकाळपर्यंत सैल झाली नाही.

घरात तिचं खरंखुरं माणूस एकच होतं, तिची नात काझुमी. शाळेत जाणारी, बडबडी. काझुमीलाही हात भाजल्याचंच सांगितलेलं होतं. तिने ते हात उघडे कधी पाहिले नव्हते. तरी ती आजीचा हात धरायची, म्हणजे मला धरायची. दुकानात जाताना, कालव्यावरचा पूल ओलांडताना. त्या लहान बोटांची ऊब माझ्यातून आरपार जाऊन आजीपर्यंत पोचायची. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते असं विचाराल, तर तेच.

मग शाळेत खेळांचा दिवस आला. आजी-आजोबांनी नातवंडांचा हात धरून धावायची एक शर्यत होती. काझुमीने हट्टच धरला. योशिको नको नको म्हणत असताना नाबेआजी मैदानात उतरली. ऊन मी म्हणत होतं. म्हातारी धावली कसली, दुडदुडली. काझुमी तिला ओढत होती, हसत होती, आणि दोघींच्या हातांना घाम सुटला होता. त्या दोघी शेवटून पहिल्या आल्या. काझुमीने आजीचा हात सोडला आणि स्वतःचा तळवा पाहिला.

तळवा निळा झाला होता.

रंग माझा होता, मित्रांनो. घरच्या पातेल्यात दिलेला कच्चा रंग. घामाने तो सुटला. पण त्या धावपळीत मोजा मनगटावरून खाली सरकला होता आणि आजीच्या मनगटावरचा निळा गोल उघडा पडला होता. काझुमीने तो पाहिला. मग आपला तळवा पाहिला. भाजलेलं काही नव्हतं तिथे. मागे कुणीतरी मूल ओरडलं, “अरे, हिची आजी गुंडांची आहे! हिलाही लागलं बघा!”

काझुमी नळाकडे पळाली. तिने साबण लावला, वाळू लावली, विटेच्या तुकड्याने घासलं. रडत होती आणि घासत होती. रंग केव्हाच गेला होता, तळवा लाल झाला होता, तरी ती घासतच होती. नाबेआजी थोड्या अंतरावर उभी राहून पाहत होती. पुढे गेली नाही. गोंदण कधी कुणाला लागत नाही, रंग मोज्याचा आहे, एवढं सांगायला तिला किती वेळ लागला असता? पण ती बोलली नाही. आणि मी तर मोजा. मी काय बोलणार?

त्यानंतर काझुमीने आजीचा हात धरला नाही. भांडली नाही, रुसली नाही. फक्त पूल ओलांडताना हात खिशात घालू लागली. थंडी सुरू व्हायच्या आत नाबेआजी मुलाला म्हणाली, मला गावी सोड. सेइतोकुने कारण विचारलं तर म्हणाली, “इथलं रताळं गोड नाही रे.”

अशी ती आपल्या बेटावर परतली. उत्तरेच्या टोकाला, समुद्र आणि उसाच्या फडांमधलं तिचं गाव. तिथे सगळ्यांना तिच्या हातांची माहिती होती. मला वाटलं, आता माझी सुटका झाली. पण तिने मोजे काढले नाहीत. कारल्याच्या वेलाला आधार बांधताना, पूर्वजांपुढे धूप लावताना, गुळाचा खडा फोडतानासुद्धा मोजे हातात. गावच्या बायका थट्टा करायच्या, “नाबे, ओसाकाहून मडमीण होऊन आलीस की काय?” ती हसायची. पहिल्यांदा तिच्या वयाच्या चारदोन बाया होत्या, गोंदलेल्या हातांच्या. मग एकेक करून त्या गेल्या. शेवटी तिच्या हातांसारखे हात गावात कुणाचेच उरले नाहीत. मी फाटलो, तिने मला रफू केलं. पुन्हा फाटलो, पुन्हा रफू केलं. आम्ही तिघंच होतो, ती, मी आणि डावा. आणि आम्ही दोघं तर तिच्यात आणि जगात घातलेली भिंतच होतो. एकटेपणा काय असतो ते मला आतून माहीत आहे.

अशी वर्षं गेली आणि तिला सत्त्याण्णवावं लागलं. त्या बेटांवर या वयाचा मोठा सण करतात. माणूस या वयात पुन्हा लहान मूल होतं, म्हणून त्याच्या हातात भिरभिरं देतात, उघड्या गाडीत बसवून गावभर मिरवतात. लोक वाटेवर उभे राहतात आणि त्याच्या हाताला हात लावतात. त्याच्या आयुष्यातलं थोडं आपल्यालाही मिळावं म्हणून. बाळांना पुढे करतात, आजाऱ्यांना पुढे करतात.

ओसाकाहून सेइतोकु आणि योशिको आली. योशिकोचेही केस आता पांढरे झाले होते. आणि आली काझुमी, कडेवर वर्षाची मुलगी घेऊन. ती आता प्रवासी बसमध्ये गाइड होती, कामावर पांढरे मोजे घालणारी. त्या मोज्यांचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

नाबेआजीला लाल-पिवळा झगा घातला, गाडीत बसवलं. गावचा मुख्य चिनेन, हा स्वतःच सत्तरीचा, तिला म्हणाला, “आजी, मोजे काढा आता. हाताला हात लागला पाहिजे. कापडाला हात लावून कुणाला आयुष्य मिळतं?”

“राहू दे रे,” आजी म्हणाली.

“अहो, लोक लांबून आलेत.”

“राहू दे म्हटलं ना. पोरांच्या हातांना रंग लागेल.”

चिनेनला काही कळलं नाही. म्हातारपणी असं काहीतरी बोलतात, असं समजून तो हसला. पण काझुमी गाडीच्या फळीला धरून उभी होती, तिने ऐकलं. तिचा चेहरा पडला. तिने मुलगी आईकडे दिली आणि गाडीत चढून आजीपुढे गुडघे टेकले.

“आजी, तू पाहत होतीस? त्या दिवशी नळावर?”

आजी भिरभिऱ्याची काडी बोटांत फिरवत राहिली.

“मला मोठेपणी कळलं गं. रंग मोज्याचा होता.”

“मला तेव्हाच ठाऊक होतं,” नाबेआजी म्हणाली. “पण तू घासून काढत होतीस तो माझा हात होता.”

काझुमीची मान खाली गेली. वाद्यं थांबली होती, सगळं गाव वाट पाहत होतं. मग तिने माझं टोक धरलं आणि विचारलं, “काढू?” म्हातारीने हात पुढे केला. तसाच, जसा ओसाकात पहिल्या दिवशी सुनेपुढे केला होता. काझुमीने एकेक बोट सोडवत मला हलकेच उतरवलं. डावा आजीने स्वतःच काढला.

मित्रांनो, तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका. इतकी वर्षं ऊन न लागल्यामुळे ते गोंदण जरासुद्धा विटलं नव्हतं. वयाच्या डागांमध्ये, सुरकुत्यांमध्ये, चौकोन आणि बाण कालच काढल्यासारखे निळे होते. माझ्या सगळ्या जन्मात माझ्याकडून झालेलं भलं काम ते एवढंच, तेही न कळत. गर्दीतल्या म्हाताऱ्या माणसांनी ते हात पाहिले आणि ती गाडीजवळ सरकली. त्यांना आपापल्या आया आठवल्या असणार.

गाडी चालू झाली. भिरभिरं फिरू लागलं. लोकांनी हात लावले, बाळांना हात लावायला लावले. योशिको सगळ्यांच्या शेवटी आली. तिने सासूचा हात धरला, कपाळाला लावला आणि तशीच चालत राहिली, गाडीबरोबर, वळणापर्यंत. वळणावर समुद्राकडून वारा आला. डावा आजीच्या मांडीवर होता, तो उडाला आणि उसाच्या फडात पडला. कुणाचं लक्ष नव्हतं. मी काझुमीच्या मुठीत होतो, म्हणून राहिलो.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना काझुमी एकटीच ओसरीवर येऊन बसली. दिवसभर तिने आजीचा हात धरला होता, दोघींच्या हातांना घाम आला होता. तिने आपला तळवा उजेडाकडे धरला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तळवा स्वच्छ होता. काहीच लागलं नव्हतं. आणि ते पाहून ती रडू लागली. लहानपणी नळावर रडली होती त्यापेक्षा जास्त.

त्याच हिवाळ्यात नाबेआजी गेली. शेवटी काझुमीने तिचे दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढून छातीवर ठेवले, पाठ वर करून, पलीकडून कुणी पाहिलं तर लगेच दिसतील असे. मला मात्र तिच्याबरोबर नेलं नाही, आणि ते योग्यच झालं. मी खणात आलो. आता माझ्यात हात नाही, ऊब नाही. कधी खण उघडतो, काझुमी मला उचलते, आतून बोटं फिरवते आणि पुन्हा ठेवून देते.

माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्याही घरात कुणाच्या हातावर, कपाळावर, दंडावर काही गोंदलेलं असेल. तो हात धरा, आणि तुमच्या तळव्याला काही लागलं का ते पाहू नका. आणि कुणाला मोजे भेट द्यायचेच असतील, तर ते थंडीसाठी द्या.